सौरबंबातील शाई

जुनी दफ्तरे आणि पोथ्या ज्या काळ्या शाईने लिहिल्या गेल्या, ती बहुतेक काजळी आणि डिंक यांची. काजळी नुसत्या पाण्यात टाकली तर वर तरंगते, मग तिच्या गुठळ्या होतात. तीच डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास खलली की एकजीव काळा द्रव होतो आणि दिवसेंदिवस तसाच राहतो. काजळीचा मूळ कण काही दशक नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान असतो. डिंकाचे लांब रेणू त्याला वेढून बसतात आणि शेजारच्या कणाला चिकटू देत नाहीत. असा अतिसूक्ष्म घन पदार्थ द्रवात टिकवून धरला की त्याला आज ‘नॅनोद्रव’ म्हणतात. हे नाव १९९५ साली अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्टीफन चोई यांनी रूढ केले. आपल्या कारकुनांना ते ठाऊक नव्हते, इतकेच.

हल्ली सौरबंबाच्या संदर्भात हा शब्द वारंवार कानी पडतो. पाण्यात नॅनोकण घातले की बंब जास्त तापेल, असा एकंदर सूर असतो. मी उष्णताशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जे वाचले ते हौसेने, आणि पटेपर्यंत वहीत हिशेब मांडून. त्या वहीतलेच काही इथे देतो.

मूळ कल्पना साधी आहे. पाण्याची उष्णतावाहकता ०.६, तांब्याची सुमारे ४०० (दोन्ही वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात). मग पाण्यात तांब्याची पूड मिसळली तर? जाड पूड तळाशी बसते, नळ्या तुंबवते, पंप झिजवते. नॅनोकण मात्र रेणूंच्या सततच्या धक्क्यांनी तरंगत राहतात. २००१ मध्ये चोई यांच्या गटाने जाहीर केले की एथिलीन ग्लायकॉलमध्ये आकारमानाने जेमतेम ०.३ टक्के तांबे घातल्यावर वाहकता ४० टक्क्यांनी वाढली. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या ग्रंथात मांडलेले सूत्र लावले तर गोल कणांसाठी ही वाढ एक टक्काही येत नाही. साहजिकच जगभर धांदल उडाली.

तिचा निकाल २००९ मध्ये लागला. तीसहून अधिक प्रयोगशाळांनी, त्यांत भारतातील गटही होते, एकाच घाणीतले नमुने आपापल्या उपकरणांनी मोजले. चमत्कार काही दिसला नाही. मॅक्सवेल आणि त्यांच्या सूत्राची पुढची सुधारलेली रूपे यांत आकडे व्यवस्थित बसले. गोल कणांसाठी ढोबळ नियम असा: आकारमानाने १ टक्का कण घाला, वाहकता ३ टक्के वाढेल. त्याच वेळी द्रवाचा चिकटपणा आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे अडीच टक्के वाढतो. कण एकमेकांना चिकटून झुबके झाले तर त्याहून बराच जास्त. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने पंपाच्या विजेत जायचे.

आता बंबाकडे वळू. सपाट संग्राहकात ऊन काचेतून काळ्या पत्र्यावर पडते, पत्र्यातून नळीत आणि नळीच्या भिंतीतून पाण्यात उष्णता जाते. या वाटेवर अडथळा कुठे किती, हे पाहिल्याशिवाय पाणी ‘सुधारण्यात’ अर्थ नाही. तांब्याचा पत्रा, १० मिलिमीटरच्या नळ्या आणि दोन नळ्यांत १५ सेंटिमीटर अंतर असे नेहमीचे आकडे घालून मी हिशेब केला. नळीची भिंत आणि पाणी यांमधील उष्णतावहन १० टक्क्यांनी सुधारले तरी हाती येणारी उष्णता जेमतेम १ टक्क्याने वाढते. उरलेली चोरी वरच्या काचेतून आणि बाजूंनी होत असते, तिच्याशी पाण्याचा काही संबंध नाही.

तरीही २० ते ३० टक्के वाढीचे निष्कर्ष छापून येतात. इराणमधील मशहद येथील, २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वांत जास्त सांगितला जातो: वजनाने ०.२ टक्के ॲल्युमिना, कार्यक्षमता २८.३ टक्क्यांनी जास्त. ॲल्युमिना पाण्याच्या जवळजवळ चौपट जड, म्हणजे आकारमानाने हे कण झाले ०.०५ टक्के. मॅक्सवेलच्या नियमाने वाहकतेतली वाढ ०.१५ टक्के! यातून २८ टक्के कसे निघावेत? कारण दुसरीकडे शोधावे लागेल. एक जागा मला नेहमी खुणावते. संग्राहकात शिरणारे आणि बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानात ५ अंशांचा फरक असेल आणि तो मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तरात १० टक्क्यांची चूक तिथेच आली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प पुनःपुन्हा करायला लावण्यापेक्षा आधी तापमापी पारखायला शिकवले तर बरे.

आपल्या गच्च्यांवर तर आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात घरोघरी दिसणाऱ्या काचनळ्यांच्या साध्या बंबात जे पाणी तापते तेच वर टाकीत चढते आणि तेच न्हाणीघरातल्या बादलीत पडते. त्यात कण घालणार कसे? वेगळे बंद अभिसरण हवे, उष्णता एका पाण्यातून दुसऱ्यात देणारे यंत्र हवे, आणि त्या देवाणघेवाणीत काही अंश गमवावे लागतात. जिथे बोअरचे जड पाणी आहे तिथे आत साचलेला क्षारांचा थर हा खरा शत्रू. वर्षातून एकदा नळ्या काढून धुणे कुणी ‘संशोधन’ म्हणून छापणार नाही, पण बादली त्यानेच लवकर तापते.

मग नॅनोद्रव निरुपयोगी का? नाही. त्यांचा खरा गुण वाहकतेत नसून रंगात आहे. १ सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर उन्हातली फक्त १३ टक्के ऊर्जा शोषतो. त्यात चिमूटभर कार्बनचे कण मिसळा, जवळपास सगळे ऊन पाण्यातच मुरते. पत्राच नको! १९७५ मध्ये मिनार्डी आणि चुआंग यांनी अमेरिकेत काळी शाई मिसळलेल्या पाण्याचा संग्राहक करून पाहिला होता, म्हणजे आपली दफ्तरी शाई तिथे पोचलीच. २००९ मध्ये त्यागी, फेलन आणि प्रशेर यांनी गणिताने दाखवले की अशा थेट शोषणाने कार्यक्षमतेत १० टक्क्यांपर्यंत भर पडू शकते. पुढच्याच वर्षी ओटानिकार आणि सहकाऱ्यांनी तळहाताहून लहान संग्राहकात ग्राफाइट, कार्बन नळ्या आणि चांदीचे कण वापरून प्रत्यक्षात ५ टक्क्यांपर्यंत वाढ मोजली. गणितापेक्षा कमी, पण विश्वास ठेवावा अशी.

इथेही एक ग्यानबाची मेख आहे. आजच्या काचनळीवरचा लेप ९० टक्क्यांहून अधिक ऊन पितो आणि स्वतः तापल्यावर फार थोडी उष्णता बाहेर फेकतो. काळ्या पाण्याला हा संयम नाही. तापलेले पाणी आणि त्याला धरून ठेवणारी काच, दोन्ही अवरक्त किरण सढळ हाताने उधळतात. म्हणून साध्या काळ्या रंगाच्या पत्र्याशी तुलना केली तर नॅनोद्रव जिंकतो, चांगल्या लेपाशी केली तर लढत अवघड होते. कुठल्याही दाव्यात तुलना कशाशी केली आहे, ते आधी पाहावे.

आणि टिकाऊपणा. मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या दशकात केलेले सोन्याचे लाल द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून लालच आहेत. पण ते कपाटात शांत बसून आहेत. बंबात रोज तापणे, निवणे, पंपातून घुसळणे आणि वरून अतिनील किरण. कणांना वेगळे ठेवणारी साबणासारखी रसायने ६०-७० अंशांपुढे हळूहळू हात सोडतात, शिवाय फेस होतो तो वेगळाच.

मला सर्वांत आशा वाटते ती वेगळ्याच वापराबद्दल. सिलिकॉनचे सौरपटल सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतच्या लांबीच्या प्रकाशलहरींतूनच वीज काढते. त्यापुढचे ऊन त्याला केवळ तापवते आणि दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. पटलासमोर नॅनोद्रवाचा पातळ पडदा ठेवून विजेच्या कामाचे ऊन पुढे जाऊ द्यायचे आणि बाकीचे पाण्यातच अडवून गरम पाणी मिळवायचे. सोन्या-चांदीच्या कणांचा आकार आणि घडण बदलून कोणता रंग अडवायचा हे ठरवता येते, आणि टेलर, ओटानिकार यांच्या गटाने २०१२ पासून त्याची गणिते मांडली आहेत. हे काम अजून प्रयोगशाळेत आहे. ते गच्चीवर येईल तेव्हा विकायला आलेल्याला मी एकच गोष्ट विचारीन: एक उन्हाळा काढल्यावर द्रवाचा रंग किती उतरला?