भट्टीतली राख बाहेर का येत नाही?

चुलीत फुंकणीने जोरात फुंकलं की जाळ भडकतो, पण राख आपल्याच तोंडावर उडते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रापुढेही अडचण हीच. फक्त चूल कित्येक मजली.

उपाय मोठा गमतीचा. एक पंखा भट्टीत हवा ढकलतो, दुसरा चिमणीच्या बाजूने धूर ओढतो आणि हा ओढणारा किंचित वरचढ ठेवतात. त्यामुळे भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी राहतो. फट पडलीच तर बाहेरची हवा आत शिरते, राख बाहेर येत नाही. मला तर सगळ्या कारखान्यातली हीच युक्ती सर्वांत हुशार वाटते.

उरली धुरातली राख. आपल्या दगडी कोळशात ती तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त असू शकते. म्हणून धूर हजारो व्होल्टच्या तारांजवळून नेतात. कणांवर ऋणभार येतो, ते पत्र्यांना चिकटतात. हातोड्या अधूनमधून पत्रे ठोकतात आणि राख खालच्या नरसाळ्यात पडते. अगदी बारीक कण पकडणं मात्र या यंत्रालाही जड जातं, आणि फुफ्फुसात खोलवर शिरतात तेही नेमके तसलेच.