घरांतील कचेरी आणि नवा लॅपटॉप

कचेरी म्हणजे घराबाहेर जावयाचें ठिकाण, ही आपल्या समाजाची तीन-चार पिढ्यांची समजूत. दहाच्या सुमारास डबा घेऊन पुरुष बाहेर पडे, सहाच्या सुमारास परत येई, आणि मधल्या वेळांत त्यानें काय केलें हें घरच्या मंडळींना पगाराच्या दिवशींच काय तें कळे. ही घडी २०२० सालीं मोडली. त्या वर्षीं २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि कचेऱ्या घरांत शिरल्या. टाळेबंदी उठून वर्षें लोटलीं, तरी पुष्कळ घरांत आठवड्याचे कांहीं दिवस, कित्येक ठिकाणीं तर सर्व दिवस, कचेरी घरींच भरते. ती भरते एका चौदा-पंधरा इंची यंत्रांत. तें यंत्र बंद पडलें म्हणजे कचेरीलाच टाळें लागलें असें समजावें.

असा लॅपटॉप जुना झाला म्हणजे नवा कोणता घ्यावा, हा प्रश्न घरोघर पडतो व त्याचा निकाल बहुधा घाईनें लागतो. घरांतील कर्ता दुकानांत जातो. विक्रेता प्रोसेसरचें नांव, त्याची पिढी आणि गिगाहर्ट्झचे आंकडे म्हणून दाखवितो. आणि ज्याचा आंकडा मोठा तें यंत्र चांगलें, असा सरळ हिशेब होतो. ज्या सुनेला किंवा मुलाला त्या यंत्रापुढें रोजचे आठ-नऊ तास काढावयाचे, त्यांना कोणी विचारीत नाहीं. दुसरी एक रीत याहूनही वाईट. कॉलेजांतल्या चिरंजीवांना नवा लॅपटॉप घ्यावयाचा, आणि त्यांचा जुना सूनबाईंकडे सरकवावयाचा; कां, तर 'तिला काय, घरीं बसून बोलावयाचेंच तर असतें!' प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही रीतींवर आहे. दिवसभर व्हिडिओ कॉलवर चालणारें काम यंत्राच्या निराळ्याच अवयवांवर ताण आणतें. म्हणून यंत्राची निवड तें वापरणाराच्या दिनक्रमावरून व्हावी, आणि ती त्याच्या किंवा तिच्या संमतीनें व्हावी.

या कामाचें स्वरूप

दूर बसलेल्या माणसाचें तोंड पाहून बोलावें, ही हौस जुनी आहे. अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीनें १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत आपला 'पिक्चरफोन' लोकांपुढें मांडला व १९७० सालीं पिट्सबर्ग शहरांत त्याची सेवा पैसे घेऊन सुरू केली. ती चालली नाहीं. दर भारी होता, आणि बोलावयाचें तर दुसऱ्या टोकासही तसेंच यंत्र हवें होतें. पुढें पन्नास वर्षांत तीच गोष्ट साध्या गृहस्थाच्या आवाक्यांत आली, याचें एक मोठें कारण चित्र आवळून लहान करण्याची विद्या हें होय.

या विद्येचा थोडा हिशेब पाहण्यासारखा आहे. मध्यम प्रतीच्या व्हिडिओ कॉलमधील एका चित्रांत आडवे १२८० व उभे ७२०, म्हणजे एकंदर ९,२१,६०० ठिपके असतात. अशीं चित्रें सेकंदाला तीस. म्हणजे एका सेकंदांत पावणेतीन कोटींच्या वर ठिपके झाले. इतका माल जसाच्या तसा घरच्या तारेवरून पाठविणें शक्य नाहीं. म्हणून मागच्या चित्रापेक्षां नव्या चित्रांत काय बदललें, मुख्यतः तेवढेंच यंत्र टिपून पाठवितें. त्याच वेळीं समोरच्या आठ-दहा माणसांचीं आवळून आलेलीं चित्रें उलगडावयाचीं, आवाजांतील प्रतिध्वनि काढावयाचा, आणि पाठीमागची खोली पुसट करावयाची असेल तर प्रत्येक चित्रांत माणूस कोठें संपतो व भिंत कोठें सुरू होते हें ठरवावयाचें. हें सर्व तासन्‌तास, विसावा न घेतां.

पत्र लिहिणें किंवा हिशेब मांडणें म्हणजे आडांतून अधूनमधून घागर काढण्यासारखें आहे. व्हिडिओ कॉल म्हणजे दिवसभर मोट चालविणें. मोटेचा बैल निवडतांना तो एक हिसका किती जोराचा देतो हें शेतकरी पाहत नाहीं. संध्याकाळपर्यंत टिकतो कीं नाहीं हें पाहतो. लॅपटॉपची परीक्षा याच दृष्टीनें करावयाची.

आधीं जुन्याची परीक्षा

नवें घेण्यापूर्वीं जुन्याचें दुखणें कोणतें, हें नीट ओळखावें. आंतल्या खोलींत आवाज तुटत असेल, तर लॅपटॉप राउटरजवळ नेऊन, शक्य तर त्याला तार जोडून, एक बैठक करून पाहावी. तेथें आवाज स्वच्छ आला तर दोष यंत्राचा नसून वाय-फायचा आहे. वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ती अडवितात, २.४ गिगाहर्ट्झची लहर आंतपर्यंत पोंचते, पण तिचा वेग कमी. अशा घरांत नव्या लॅपटॉपनें कांहींच साधणार नाहीं. त्या खोलीपर्यंत तार ओढणें हाच उपाय.

यंत्र तापून मंद होत असेल तर पंख्यांत सांचलेली धूळ कुशल माणसाकडून काढून घ्यावी. आंत जुन्या धर्तीची फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागीं एसएसडी बसवितांच यंत्रांत नवा जीव येतो. बॅटरी दमली असेल तर बदलतां येते. मात्र बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल, तर तें यंत्र त्याच क्षणीं वापरणें बंद करावें. तें आगीचें भय आहे.

दुरुस्तीनें न भागणारें कारण एकच मोठें आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर असलेलीं, किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेलीं यंत्रें विंडोज ११ च्या अधिकृत नियमांत बसत नाहींत. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचे हिशेब व खाजगी कागद हाताळावयाचे, तें असें उघड्या दाराचें ठेवणें गैर. तेथें नवें यंत्र घेणें हाच मार्ग.

काय पाहावें

पहिली गोष्ट रॅम. कागद कपाटांत कितीही असोत, एका वेळीं पसरतां येतात ते मेजावर मावतील तेवढेच. रॅम म्हणजे तें मेज. बैठकीचा कार्यक्रम, ब्राउझरचीं पंधरा-वीस पानें आणि हिशेबाचा तक्ता एकदम उघडे ठेवावयाचे तर ८ गिगाबाइट अपुरे पडतात, १६ घ्यावे. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम मूळ फलकावरच जोडलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून हा खर्च पहिल्याच दिवशीं करावा. साठ्याला ५१२ गिगाबाइटची एसएसडी सामान्य कामास भरपूर होते.

दुसरी गोष्ट उष्णता. प्रोसेसर फार तापला म्हणजे तो आपला जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन मंद होतो. मग पेटीवरचा मोठा आंकडा काय कामाचा? शिवाय पंखा घोंघावूं लागला कीं त्याचा आवाज माइकमधून बैठकींत जातो. गेल्या दोन-तीन वर्षांतील मध्यम प्रतीचा प्रोसेसर, म्हणजे इंटेलचा ५ क्रमांकाचा वर्ग किंवा एएमडीचा रायझेन ५, या कामास पुरेसा आहे. त्यावरचा पैसा हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्राकडे वळवावा. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्यें २०२० पासून पंखाच नाहीं, व कॉलचें काम तो शांतपणें करतो; मात्र कचेरीचे सर्व कार्यक्रम त्यावर चालतात कीं नाहीं हें आधीं विचारावें. कोणतेंही यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. विदर्भांतील वैशाखांत तर त्याला सपाट मेज आणि वरचा पंखा हवाच.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें लेबल पुष्कळ यंत्रांवर दिसतें. मायक्रोसॉफ्टनें मे २०२४ मध्यें 'कोपायलट प्लस' हा वर्ग जाहीर केला. त्यांत सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू नांवाचा स्वतंत्र भाग आणि किमान १६ गिगाबाइट रॅम हवी अशी अट आहे. पाठीमागची खोली पुसट करण्यासारखीं कामें हा भाग कमी विजेंत करूं शकतो. तो ओघानें मिळाला तर घ्यावा. केवळ त्याच्यासाठीं जादा पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

तिसरी गोष्ट आवाज. चेहरा क्षणभर पुसट झाला तर बैठक चालते. शब्द तुटला कीं काम अडतें. यंत्रांतले माइक कितीही चांगले असले, तरी एकत्र कुटुंबांत कुकरची शिट्टी, पूजेची घंटा व मुलांचा कलकलाट हे सर्व सभासदच असतात. म्हणून तोंडाजवळ माइक येणारा, तारेचा हेडफोन घ्यावा. बिनतारी हेडफोनांत माइक सुरू होतांच पुष्कळदां आवाजाची प्रत उतरते, आणि तो दुपारींच चार्जिंग मागूं लागतो. हेडफोनचें छिद्र लॅपटॉपला आहे ना, एवढें पाहून घ्यावें.

चौथी गोष्ट कॅमेरा. तो १०८० च्या प्रतीचा असावा. परंतु लॅपटॉपच्या पातळ झांकणांत बसणारा कॅमेरा लहानच असणार, आणि लहान कॅमेऱ्याला उजेड जास्त लागतो. खिडकी पाठीशीं असेल तर महागडा कॅमेराही माणसाची काळी सावलीच दाखवील; खिडकी समोर घेतली कीं साधाही चालतो. कॅमेऱ्यावर सरकणारी झडप असावी. पंचा नेसून देवघराकडे निघालेल्या आजोबांची अब्रू त्या झडपेच्या हातीं असते!

पांचवी गोष्ट मान व डोळे. लॅपटॉपचा पडदा व कळफलक एकत्र जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरीं, आणि हात मेजावर ठेवावे तर मान खालीं. दिवसभराच्या कामाला यावर उपाय हवाच. लॅपटॉप घडवंचीसारख्या स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला ठेवून कळफलक व माउस निराळे घ्यावेत. ऐपत असेल तर चोवीस इंची स्वतंत्र पडदा जोडावा. मग लॅपटॉप चौदा इंची घेतला तरी चालतो व प्रवासालाही सुटसुटीत होतो. पडद्याची कांच चकचकीत नसावी.

राहिल्या किरकोळ गोष्टी. यूएसबी-सी दोन तरी असावेत, म्हणजे एकांत चार्जर व दुसऱ्यांत पडदा लावतां येईल. बॅटरीचे तास जाहिरातीवरून मोजूं नयेत. ५० वॅट-तासांची बॅटरी कॉलमध्यें १० वॅट खाऊं लागली कीं पांच तासांत संपते. दिवसभर चार्जर लावूनच काम होत असेल, तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते. ती वापरावी, बॅटरी अधिक टिकते. वीज जाते अशा गांवीं राउटरलाही लहानशी बॅटरी जोडून ठेवावी, नाहींतर लॅपटॉप जागा आणि राउटर निद्रिस्त, असा प्रकार होतो. दुरुस्तीचा माणूस घरीं येईल अशी हमी आपल्या गांवीं मिळते काय, हेंही विचारावें.

खरेदीची रीत

शितावरून भाताची परीक्षा होते, पण येथें एका शितावर भागत नाहीं. दुकानांत पांच मिनिटांचा कॉल सर्वच यंत्रें उत्तम करतात. निदान अर्धा तास कॉल चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा आणि कळफलकावर हात ठेवून पाहावा. जो तें वापरणार त्यालाच बोलूं द्यावें, आणि घरच्या दुसऱ्या माणसानें पलीकडून ऐकावें. परत करण्याच्या मुदतीची चौकशी आधीं करून ठेवावी.

नव्याची किंमत जड वाटत असेल, तर कंपन्यांनीं तीन-चार वर्षें वापरून काढलेलीं थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातींचीं यंत्रें पाहण्यासारखीं असतात. तीं कामासाठींच बांधलेलीं व दुरुस्तीस सोयीचीं असतात. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणें चालतें कीं नाहीं व बॅटरी किती उरली आहे, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्याशिवाय मात्र पैसे देऊं नयेत. आणि या सर्वांच्याही आधीं मालकाला विचारावें. काम त्याचें असेल तर यंत्र देणें हेंही पुष्कळ ठिकाणीं तो आपलें कर्तव्य मानतो. जुनें यंत्र टाकतांना त्यांतील मजकूर पुसून टाकावा, आणि तें भंगारवाल्याला न देतां अधिकृत ठिकाणीं द्यावें. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

यंत्राभोंवतींचें घर

शेवटीं एक गोष्ट पैशानें न मिळणारी. नोकरीवर जाणाऱ्या मुलाला फाटकी छत्री देऊन पावसांत पाठविणारी माउली आपल्याकडे सांपडणार नाहीं. परंतु त्याच घरांत, तितकाच पगार आणणारी सून जेवणाच्या टेबलाच्या कोंपऱ्यावर मंदावलेला लॅपटॉप घेऊन बसते. बैठक चालू असतां तिला 'जरा दूध बघ गं' म्हणून हांक येते. आणि पलीकडे तिचे वरिष्ठ ती हांक ऐकतात. त्या हांकेंत दुष्टावा नसतो. काम दाराबाहेर गेल्याशिवाय तें काम वाटत नाहीं, एवढीच ती जुनी संवय आहे. पण तिचा परिणाम तिच्या वार्षिक बढतीवर होतो, आणि तो कोणत्याही प्रोसेसरनें भरून निघत नाहीं.

म्हणून यंत्र घेण्याच्या आधल्या रविवारीं घरच्या मंडळींनीं एकत्र बसावें. वापरणाऱ्या माणसाचा सोमवार ते शुक्रवारचा दिनक्रम कागदावर मांडावा: बैठका किती, कोणत्या वेळीं, कोणत्या खोलींत, एका वेळीं घरांत कॉलवर किती जण. मग खिडकीसमोरची, दार लावतां येणारी एक जागा आधीं ठरवावी, आणि त्या जागेला साजेसा लॅपटॉप मागाहून घ्यावा. दार लागलेलें असेल तेव्हां आंत कचेरी भरलेली आहे, एवढें घरांतल्या सर्वांना कळलें, म्हणजे त्या लॅपटॉपच्या किंमतीचें चीज झालें.