धडा वाचला, पण कळला का?

मूल तिसरी-चौथीत गेले की पाहुण्यांसमोर त्याला पुस्तक वाचून दाखवायला सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मूल खडाखडा वाचते, पाहुणे शाबासकी देतात, आईला समाधान वाटते. पण त्याच वेळी पुस्तक मिटून कोणी एवढेच विचारले की, "बाळा, आत्ता काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग बघू," तर पुष्कळ मुले गप्प होतात. काही मुले पुन्हा पहिल्या ओळीपासून पाठ म्हणू लागतात. उल्हासनगरचे कॅम्प असोत की अंबरनाथ-बदलापूरच्या चाळी, हा अनुभव घराघरात येतो.

यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. अक्षर ओळखून त्याचा उच्चार करणे ही एक गोष्ट आणि वाक्याचा अर्थ मनात उमटणे ही दुसरी. पहिली आली म्हणजे दुसरी आपोआप येते, असे आपण धरून चालतो. ती आपोआप येत नाही, शिकवावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील वाडा (हा तालुका 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे) आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड शिकणाऱ्या लहान मुलांचा तीन वर्षे अभ्यास करण्यात आला. त्याचा अहवाल 2017 साली प्रसिद्ध झाला. वाड्याच्या कामात सोनाळे येथील क्वेस्ट ही संस्था होती. वर्गात बराच वेळ अक्षरे, बाराखडी आणि उतरवून घेणे यांतच जातो, अर्थावर बोलणे आणि स्वतःचे लिहिणे मागे पडते, असे त्यात दिसून आले. बाराखडी नको असे आमचे म्हणणे नाही. बाराखडी लागतेच, पण तिच्यावर थांबून चालत नाही.

आकडेही बोलके आहेत. 'असर' या देशव्यापी पाहणीत 2022 साली सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी केवळ 38.5 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2024 साली हे प्रमाण 44.8 टक्के झाले. ही पाहणी खेड्यांतली आहे, आपल्या शहरांतली नाही. शिवाय तीत मुख्यतः मूल वाचते का हे पाहतात. वाचलेले समजले का, हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. केंद्र सरकारने 2021 साली सुरू केलेल्या 'निपुण भारत' मोहिमेनेही तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा ही काही आमचीच जादा अपेक्षा नव्हे.

आता हे का महत्त्वाचे?

महाराष्ट्रात 2023-24 या शालेय वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. तीत नापास झालेल्या मुलाला पुन्हा एक संधी मिळते. तिथेही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. गणितातले उदाहरण शब्दांत असते, परिसर अभ्यासातला प्रश्नही शब्दांतच असतो. ज्याला प्रश्नच कळत नाही त्याला उत्तर येत असूनही लिहिता येत नाही. मग आपण म्हणतो, "याला गणित येत नाही." खरे तर त्याला गणिताची भाषा कळलेली नसते.

लिहिण्याचेही तसेच. 'माझा आवडता पक्षी' म्हटले की वर्गातल्या सगळ्या वह्यांत मोर नाचू लागतो, कारण गाईडमध्ये मोर असतो. कॅम्पमध्ये राहणाऱ्या मुलाने मोर पाहिलेला नसतो. खिडकीवर येणारा कावळा, शेजारच्यांची कबुतरे त्याला पाठ असतात, पण ती वहीत येत नाहीत.

आपल्या समाजाला लेखणीचे मोल वेगळे सांगायला नको. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'त छापून आला. तेव्हा तिचे शिक्षण अवघे तीन वर्षांचे होते. आपल्या माणसांवर झालेले अन्याय तिने मांडले आणि धर्माला जाब विचारला. तो निबंध कुठल्या गाईडमध्ये नव्हता. जे तिने पाहिले, ऐकले, सोसले तेच तिने लिहिले. तीन वर्षांच्या शिक्षणात एका मुलीला हे जमले, हे आपण आपल्या मुलांना शिकवताना ध्यानात ठेवले पाहिजे.

तीन प्रकारचे प्रश्न

घरी करायला सोपी अशी एक रीत सांगतो. रोज पंधरा मिनिटे पुरेत. पाच-सहा ओळींचा मजकूर घ्यावा. धडा चालेल, वर्तमानपत्रातली बातमीही चालेल. नमुन्यादाखल आपल्याच भागातला हा मजकूर पाहा:

"जुलै 2019. रात्रभर पाऊस पडत होता. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये थांबली. चहूकडे पाणीच पाणी होते. गाडीत एक हजाराहून अधिक प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या."

पहिला प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर ओळीतच आहे. गाडी कुठून कुठे निघाली होती? हे सगळी मुले सांगतात.

दुसरा प्रश्न असा की ज्याचे उत्तर ओळीत लिहिलेले नाही, पण विचार केला तर सापडते. रेल्वेच्या प्रवाशांसाठी बोटी कशाला आल्या? गाडी पुढे का गेली नाही? पाऊस, पाणी आणि बोटी यांची सांगड मुलाने स्वतः घालायची. समजून वाचणे म्हणतात ते हेच.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या मनात असते. तू त्या गाडीत असतास तर काय केलं असतंस? खाली उतरला असतास की डब्यात थांबला असतास? का? येथे चूक-बरोबर नसते, पण 'का' सांगावेच लागते.

शाळेच्या पुस्तकातले आणि गाईडमधले बरेच प्रश्न पहिल्या प्रकारचे असतात. म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न घरातून यायला हवा. मुलाला उत्तर सुचले नाही तर लगेच सांगून टाकू नये. "परत वाचून बघ, कुठल्या ओळीवरून कळतंय?" एवढेच म्हणावे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही

"आम्हीच शिकलो नाही, मुलांना काय शिकवणार?" असे अनेक आया म्हणतात. एमआयडीसीतली पाळी करून आलेल्या बाबांनाही वाटते की हे मास्तरांचे काम. पण वरचे प्रश्न विचारायला अक्षरे यावी लागत नाहीत. मुलाने वाचावे आणि आजीने भाकऱ्या थापता थापता विचारावे, "मग पुढं काय झालं? तो असं का वागला रं?" आजीला खरोखरच माहीत नसते, म्हणून मूलही मनापासून समजावून सांगते. वाचलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून देण्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

एक गोष्ट भाषेची. आपली कुटुंबे मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण अशी ठिकठिकाणाहून येथे आली. उल्हासनगरात शेजारी सिंधी, हिंदी बोलतात. मुलाच्या तोंडी या सगळ्यांची मिसळ असते. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटू शकते. त्याने घरच्या बोलीत अर्थ सांगितला तर तो अर्थ मान्य करावा. आधी अर्थ पक्का होऊ द्या, पुस्तकातला शब्द मागून जोडता येतो. इंग्रजी माध्यमात मूल असेल तर हे दुपटीने लागू आहे. इंग्रजी धडा वाचून त्याला तो मराठीत सांगता येतो का, हे जरूर पाहावे.

आधी बोलणे, मग लिहिणे

लिहायला बसवण्याआधी मुलाशी बोलावे. आज शाळेतून येताना काय पाहिलेस? आईसोबत जीन्सचे धागे कापतोस ते कसे कापतात? लोकलमध्ये चढताना काय झाले? पाच मिनिटे बोलल्यावर म्हणावे, "आता हेच लिही." पहिलीतल्या मुलाने चित्र काढून एक वाक्य सांगावे, मोठ्या भावंडाने ते खाली लिहून द्यावे. आपण बोललो तेच कागदावर उतरते, हे मुलाला एकदा कळले की लिहिण्याची भीती जाते. तिसरीत तीन वाक्ये, पाचवीत सात-आठ वाक्ये स्वतःची झाली तरी खूप झाले.

समजा मुलाने लिहिले, "आज नळाला पानी आल नाही." आपला हात लगेच 'पानी'कडे जातो. तो आवरावा. आधी विचारावे, "मग तुम्ही काय केलंत?" मूल दुसरे वाक्य लिहील, "आईने शेजारून दोन हंडे आणले." "शेजारच्या काकू काय म्हणाल्या?" की तिसरे वाक्य येईल. तीन वाक्ये झाली की मग 'पाणी' आणि 'आलं' हे दोन शब्द नीट लिहून दाखवावेत. एका दिवशी दोन-तीन चुकांपेक्षा जास्त काढू नयेत. लाल शाईने भरलेली वही मुलाला पुन्हा उघडावीशी वाटत नाही.

पुस्तके कुठून आणायची?

पैसे नाहीत म्हणून अडण्याचे कारण नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतल्या छोट्या सचित्र गोष्टी आहेत, त्याही विनामूल्य. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेले ग्रंथसखा वाचनालय दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी ओळखले जाते. मुलांना एकदा तरी वाचनालय दाखवायला न्यावे. पुस्तकांची कपाटे पाहूनही मूल पुष्कळ शिकते.

पालकसभेत आपण मार्क विचारतो. यापुढे बाईंना आणि सरांना आणखी एक गोष्ट विचारावी: "आमचं मूल वाचलेलं समजून सांगतं का? फळ्यावरचं न बघता चार ओळी लिहितं का?" पालक विचारू लागले की शाळाही त्याकडे लक्ष देते.

बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले. राज्यात 2017 पासून तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी विहारात भाषणे तर होतीलच. यंदा त्यासोबत विहाराची एक भिंत मुलांना द्यावी. प्रत्येक मुलाने कुठूनही न उतरवता स्वतःच्या मनाने लिहिलेल्या पाच ओळी तिथे लावाव्यात. शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी चालतील. मोठ्यांनी उभे राहून त्या वाचाव्यात आणि लिहिणाऱ्याला एखादा प्रश्न विचारावा. तयारीला आजच्या रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटे घेऊन सुरुवात करता येईल.