कुंडीतील बोगनवेल : पाणी थोडे, ऊन भरपूर

छत्रपती संभाजीनगरात वैशाखाचा उन्हाळा ऐन भरात आला, की अंगणातील बहुतेक फुलझाडे माना टाकतात. नेमक्या त्याच सुमारास एखाद्या गच्चीच्या कठड्यावरून किरमिजी, केशरी किंवा पांढऱ्या रंगाचे घोस खाली झुललेले दिसतात. ते बोगनवेलीचे असतात. ही वेल महामार्गांच्या दुभाजकांत सर्वांच्या पाहण्यातील असली, तरी घरातील कुंडीत ती कशी वाढवावी, याची माहिती फारच थोड्यांना असते.

या शहराला बागांची परंपरा जुनी आहे. मलिक अंबर यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहरीने येथे पाणी खेळविले. अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. हिमायतबागेत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. 1976 साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि नाथसागर हा शहराचा मुख्य आधार बनला. तथापि वस्ती वाढत गेली आणि नळाला काही दिवसांआड पाणी, ही वर्षानुवर्षांची अडचण होऊन बसली. ज्या घरात पाण्याची प्रत्येक बादली मोजून वापरावी लागते, तेथे फुलझाड ठेवावयाचे तर ते पाण्याची चैन मागणारे नसावे. या कसोटीला बोगनवेल उतरते, आणि तिला कमी पाणी देण्यात काटकसरीपलीकडेही एक लाभ आहे.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हील यांच्या 1766 ते 1769 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों सहभागी होते. 1767 साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे त्यांनी या वेलीचे नमुने गोळा केले. त्यांच्याबरोबर पुरुषवेषात झान बारे ही स्त्री साहाय्यक म्हणून काम करीत होती. नमुने जमविण्याचे कष्ट या दोघांचे. वेलीला नाव मात्र मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे!

आपण ज्याला बोगनवेलीचे फूल म्हणतो, ते वस्तुतः फूल नव्हे. रंगीत, कागदासारखी पातळ अशी तीन छदे, म्हणजे रूपांतरित पाने, आणि त्यांच्या आत सामान्यतः तीन बारीक, फिकट रंगाची नळीसारखी खरी फुले, अशी तिची रचना असते. छदे पातळ व कोरडी असल्याने ती बरेच दिवस टिकतात. परिचित गुलबक्षी व पुनर्नवा याच कुलातील.

मूळ प्रदेशात ही वेल मुख्यतः कोरड्या ऋतूत फुलते. मुळांशी ओल कमी झाली, की पालेदार वाढ मंदावते आणि फुटव्यांवर फुले येऊ लागतात. याउलट माती सदैव ओली राहिली किंवा नत्रयुक्त खताचा मारा झाला, की वेल पाने व लांबलचक शेंडे काढीत बसते. “वेल हिरवीगार आहे, पण फुलत नाही” या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा अतिलाडात, नाही तर सावलीत असते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेली बोगनवेल कदाचित जगेल, फुलणार नाही. रोज पाच-सहा तास प्रत्यक्ष ऊन मिळेल अशी दक्षिणेकडील किंवा पश्चिमेकडील खिडकी, सज्जा अथवा गच्ची हीच तिची जागा. तशी जागा नसेल, तर हा नाद न करणे बरे.

कुंडी मातीची, सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाची आणि तळाला मोठे छिद्र असलेली असावी. फार मोठी कुंडी नको, कारण मुळे थोडी दाटीत असली की फुलणे सुधारते. मराठवाड्याची काळी माती एकटीच भरणे ही हमखास चूक होय. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. परिणामी पाणी एक तर तुंबते, नाही तर कडेने वाहून जाते. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण चालते. रोप बसविताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये; या वेलीची मुळे नाजूक असतात व ती दुखावल्यास रोप दगावते.

पाणी ठरावीक वारी देऊ नये. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, म्हणजे तळातून निथळेल इतके भरपूर द्यावे आणि पुन्हा माती कोरडी होऊ द्यावी. पाने मलूल दिसू लागली की मात्र वाट पाहू नये. भाजी-धान्य धुतलेले पाणी खुशाल वापरावे, साबणाचे टाळावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते. तेच ते रोज दिल्यास कुंडीत क्षार साचतात.

फुले नव्या फुटीवर येत असल्याने उन्हाळी बहर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडाशी, लांब फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे वाळूमिश्रित मातीत लावले, की पावसाळी दमट हवेत त्यांतील बरेचसे जगतात. काही जातींचे तुकडे मूळ धरीत नाहीत. तेथे गुटी कलम करावे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारासाठी रोपे विकत घेण्याऐवजी एका वेलीपासून अशी दहा-वीस रोपे तयार करता येतात.

शाळांची खरी अडचण मे महिन्याच्या सुटीची. कुंडीतील माती थोडी असते, म्हणून बोगनवेल काटक असली तरी महिनाभर निर्जळी राहू शकत नाही. सुटीपुरत्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकत्र ठेवाव्यात, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याचे काम जवळ राहणाऱ्या कोणावर तरी नावानिशी सोपवावे. आवारात जागा असल्यास वेल सरळ जमिनीत लावणे अधिक सोयीचे. तेथे मुळे एकदा खोल गेली की तिची फारशी देखभाल लागत नाही. मात्र वेलीला तीक्ष्ण काटे असतात व काट्याच्या ओरखड्याने काहींच्या त्वचेची आग होते. तेव्हा ती मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, कुंपणालगत लावावी आणि छाटणी हातमोजे घालूनच करावी.