ऊस पाण्याचा ताण सोसतो म्हणजे काय?

सोलापूरहून असो की बेळगाव-बिदरहून, एक प्रश्न मला हमखास येतो: ‘बिनपाण्याचा ऊस कधी येणार?’ आधीच सांगतो, तसा ऊस येणार नाही. येऊ शकते ती ताण सोसणारी जात. दोन्हींत फरक आहे, तो आज समजून घेऊ.

ऊस आपण कांडी लावून वाढवतो. कांडीतून तीच जात पुन्हा उगवते. नवी जात हवी तर तुरा यायला हवा, बी धरायला हवं. कोइमतूरच्या हवेत हे चांगलं जमतं, म्हणून १९१२ साली तिथे ऊस पैदास संस्था सुरू झाली. बार्बर आणि वेंकटरमण यांनी गोड, जाड उसाचा संकर रानटी कांस गवताशी केला. नदीकाठी पांढरे तुरे डोलतात ना, तेच हे गवत. त्यातून आलेली ‘को २०५’ ही जात १९१८ मध्ये उत्तरेतल्या शेतांत पोहोचली.

कांसाची मुळं खोल जातात, गवत चिवट असतं. पण त्यात साखर कमी आणि चोथा जास्त. म्हणून संकरित रोपाचा गोड उसाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. गोडी परत आणताना काटकपणा निसटू द्यायचा नाही, ही खरी कसरत.

मग परीक्षा कशी घेतात? लागणीनंतर साधारण दोन ते पाच महिन्यांत फुटवे येतात आणि ऊस वाढीला लागतो. नेमकं तेव्हा पाणी तोडतात. शेजारच्या वाफ्यात तीच जात नेहमीच्या पाण्यावर असते. ताणात किती फुटवे टिकले, पाणी मिळाल्यावर पीक किती सावरलं, शेवटी वजन आणि साखर किती मिळाली, हे ताडून पाहतात. संकरापासून शिफारशीपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

म्हणून बेणं घेताना ‘कमी पाण्यात येतो का?’ एवढंच विचारू नका. ताणात टनेज किती घटतं, पाणी मिळाल्यावर किती भरून निघतं आणि खोडवा कसा येतो, हेही विचारा. सोशीक जात लांबलेली एखादी पाणीपाळी निभावून नेईल. पण विहिरीत पाणीच नसेल, तर तिथे ऊस लावावा का, हा प्रश्न जातीने सुटणारा नाही. तो लागणीआधी आपणच सोडवायचा.