सर्बियांतील मोठा उपवास व खेड्यांतील ‘रानिलो’

सर्ब लोकांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदायांत ईस्टरपूर्वीं सुमारें सात आठवड्यांचा उपवास असतो. त्यास ‘चास्नि पोस्त’, म्हणजे पूज्य उपवास, असें नांव आहे. या काळांत मांस, दूध व अंडीं वर्ज्य असून विवाहही होत नाहींत. जुन्या खेड्यांतून ‘कोलो’ नामक फेराचा नाचही बहुधा बंद राही. (‘कोलो’ म्हणजे चाक, आपला ‘चक्र’ शब्द त्याच मूळ धातूपासून निघाला आहे.) यावरून तरुणांची करमणूक अजिबात थांबे असें वाटेल, परंतु ती थांबत नसे, तिची वेळ व रूप मात्र पालटे.

(१) रानिलो.—‘रानो’ म्हणजे लवकर. उपवासाच्या दिवसांत मुली उजाडण्यापूर्वीं उठून ठराविक जागीं जमत, शेकोटी पेटवीत व गाणीं म्हणत. या मेळ्यास ‘रानिलो’ म्हणत.

(२) लाझारित्से.—ईस्टरच्या आठ दिवस आधीं लाझाराचा शनिवार येतो. त्या सुमारास दक्षिण सर्बिया व कोसोवो या भागांत मुलींचे मेळे घरोघर गात व नाचत जात. त्यांस ‘लाझारित्से’ हें नांव. घरधनी त्यांना अंडीं देई. तीं उपवासांत निषिद्ध असल्यामुळें ईस्टरसाठीं राखून ठेवावीं लागत.

हें आज कळतें याचें मोठें श्रेय वूक कराजिच (१७८७–१८६४) यांस आहे. त्यांनीं आपल्या कोशांत शब्दार्थाबरोबर चालीरीतीही नोंदविल्या. आणि स्त्रियांच्या गीतांचा जो खंड १८४१ सालीं छापिला, त्यांत पुष्कळ गीतांची वांटणी प्रसंगावरून करून उपवासाच्या व रानिलोच्या गीतांस निराळें स्थान दिलें. यांपैकीं कित्येक गीतांत उपवासाचा उल्लेखही नाहीं. नुसते शब्द उतरून घेतले असते तर तीं कोणत्या ऋतूंतील, कोणत्या प्रहरचीं, हें कोणासही सांगतां आलें नसतें.

आमच्या संग्राहक मित्रांनीं यावरून बोध घ्यावा. आपल्या बाडांतून पदें विपुल मिळतात. पण तीं कोणीं व केव्हां म्हणावयाचीं, हें क्वचितच लिहिलेलें असतें. ज्या वृद्ध स्त्रियांच्या मुखीं तीं अद्याप आहेत, त्यांस विचारून प्रत्येक पदाशेजारीं प्रसंगाची टीप आजच करून ठेवावी. त्या गेल्यावर कागद उरेल, पण त्याचा उलगडा करणारें कोणी उरणार नाहीं.