सायकलस्वारांची रांग : शास्त्र आणि शिस्त

सायकलींचे शहर असा एकेकाळी पुण्याचा लौकिक होता. आजही तेथील हौशी सायकल मंडळांचे सदस्य पहाटे कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघतात, ते एकामागोमाग एक अशा रांगेने. या रांगेमागे शास्त्र आहे.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतांश शक्ती हवेचा विरोध मोडण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट झाला की हा विरोध सुमारे चौपट होतो. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्यास मात्र श्रम बरेच कमी पडतात. म्हणूनच आघाडीचे कष्ट सर्वांनी आळीपाळीने वाटून घ्यावयाचे असतात. दोन सायकलींमधील अंतर थोडे असल्याने एकाने अचानक ब्रेक दाबल्यास मागचे अनेकजण कोसळू शकतात. त्यामुळे खड्डा दिसताच हाताने खूण करणे हे पुढच्याचे कर्तव्य ठरते.

घाट लागला की वेग मंदावतो आणि आडोशाचा लाभ फारसा उरत नाही. चढ ज्याचा त्याने स्वतःच्याच बळावर चढावा लागतो. मंडळाची खरी कसोटी येथेच लागते. माथ्यावर प्रथम पोहोचलेल्यांनी अखेरच्या सोबत्यासाठी थांबणे अगत्याचे आहे. नवशिका पुढील रविवारी पुन्हा येईल की सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवील, हे बहुधा त्या थांबण्यावरच अवलंबून असते.